मोसमच्या उगमाकडे

मालेगाव शहराच्या मधून मोसम नदी वाहते आणि शहराच्या खालच्या अंगाला थोड्याच अंतरावर ती गिरणेस मिळते. शहरातील माणसे दिवसातून दोन-चार वेळा तरी तिच्यावरील पूल ओलांडतात. ‘मोसम पूल’ हे तर आता एका गजबजलेल्या चौकाचे नाव होऊन बसले आहे. तथापि पुलावरून जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांची दृष्टी खाली पाण्याकडे वळते. आणि वळावी असे तेथे फारसे काही उरलेलेही नाही. पावसाळ्यातील काही दिवस सोडले, तर पात्रात वाहते ते बहुधा शहराचे सांडपाणी. दोन्ही तीरांवर यंत्रमागांचा खडखडाट मात्र अहोरात्र चालू असतो.

या शहरात राहणाऱ्या एका शिक्षक दांपत्याची ही प्रवासकथा आहे. पतीने एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला व पत्नीने प्राथमिक शाळेत भूगोल. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना त्यांच्या नावांनी हाक मारणारे कोणी उरले नाही. सारा गाव त्यांना गुरुजी आणि बाई म्हणूनच ओळखतो. सेवानिवृत्तीनंतर ती दोघे फ्रान्समध्ये नोकरीस असलेल्या आपल्या मुलाकडे गेली होती. मुलाने त्यांना मोटारीतून लुआर नदीच्या काठाने चार दिवस फिरवून आणले. लुआर ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी होय. तिच्या खोऱ्यात राजेरजवाड्यांचे वाडे व किल्ले यांची जणू माळच ओवलेली आहे. राजा पहिला फ्रान्सिस याने १५१९ मध्ये बांधावयास घेतलेला शांबोरचा प्रचंड प्रासाद, शेर नावाच्या उपनदीवर पुलासारखा उभा असलेला शनाँसोचा महाल, ज्या गावी लिओनार्दो दा विंची याने देह ठेवला ते आंब्वाझ, ही सारी स्थळे त्यांनी पाहिली. गुरुजी वाड्यांत रमले. बाईंना मात्र नवल वाटले ते नदीकाठच्या बांधांचे. पुरापासून शेते व गावे वाचविण्यासाठी शेकडो वर्षांपूर्वी घातलेले ते मातीचे लांबच लांब बांध आजही उभे आहेत आणि कित्येक ठिकाणी मोटाररस्ता त्यांच्या माथ्यावरूनच जातो.

तेथील एका लहानशा गावी ती उतरली होती. उतारघराच्या मालकीणबाईंनी मोठ्या अगत्याने चौकशी केली. “तुमच्या गावालाही नदी असेल ना?” गुरुजींनी मोसमचे नाव सांगितले, तिच्या काठच्या भुईकोट किल्ल्याची हकीकत सांगितली. मुलाने ती फ्रेंचमध्ये समजावून दिली. मालकीणबाई कौतुकाने ऐकत होत्या. मग त्यांनी सहज विचारले, “आणि नदीच्या वरच्या बाजूला काय काय आहे?” गुरुजी क्षणभर थांबले व म्हणाले, “डोंगर आहेत.” बाई काहीच बोलल्या नाहीत. ‘मोसम ही गिरणेची उपनदी होय,’ हे वाक्य त्यांनी तीस वर्षे मुलांकडून घोकून घेतले होते. परंतु नदीच्या काठाने वर, तिच्या उगमापर्यंत, ती दोघे एकदाही गेली नव्हती.

मालेगावास परतल्यावर मार्गशीर्ष महिन्यातील एका पहाटे ती निघाली. गुरुजींच्या गुडघ्याचे दुखणे जुने होते, म्हणून मोटार बाईच चालवीत होत्या. नकाशा गुरुजींच्या मांडीवर होता. उत्तरेकडील गाळण्याचा किल्ला आणि आग्रा रस्त्यावरील झोडग्याचे माणकेश्वर मंदिर त्यांनी पूर्वी पाहिले होते. या खेपेस मोसमचा काठ सोडावयाचा नाही, असे बाईंनी निघण्यापूर्वीच ठरवून टाकले होते.

प्रवासाचा आरंभ साहजिकच किल्ल्यापासून झाला. मोसमच्या काठी हा भुईकोट नारो शंकर राजेबहादूर यांनी १७४० मध्ये बांधला. नाशिकच्या गोदातीरावरील नारोशंकराचे देऊळ व त्याची घंटा ज्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, तेच हे सरदार. किल्ल्याच्या आत आता शाळा भरते. तटावरून मुलांच्या प्रार्थनेचे सूर ऐकू येत होते. गुरुजींनी तेथेच १८१८ ची गोष्ट काढली. पेशवाई बुडाली होती, तरी हा किल्ला अरब शिबंदीने सोडला नव्हता. कर्नल मॅक्डोवेल याच्या फौजेने मे महिन्यात वेढा घातला. किल्ला सुमारे महिनाभर झुंजला. इंग्रजांकडील दोनशेहून अधिक माणसे मेली वा घायाळ झाली. शेवटी तोफगोळ्यांनी आतील दारूकोठार उडाले, तटास भगदाड पडले आणि जून महिन्यात अरबांनी शरणागतीची बोलणी लावली. आपणांस चांगली वागणूक मिळेल असे लेखी आश्वासन त्यांनी मागितले. तो कागद मराठीत लिहिला गेला. आणि लिहिणाराच्या हातून अशी शब्दयोजना झाली की, शिबंदीच्या जे अधिकात अधिक हिताचे ते सरकार करील, अरबांना वाटेल तेथे जाण्याची मोकळीक राहील, असा त्याचा अर्थ निघू लागला. सेनापतीच्या मनात एवढे द्यावयाचे नव्हते. महिनाभर तोफांनी जे मिळविले, ते लेखणीच्या एका फटकाऱ्याने बरेचसे परत गेले. ही गोष्ट गुरुजी वर्गात दरवर्षी सांगत आणि शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करणाऱ्या मुलांकडे त्या वेळी मुद्दाम पाहत.

शहर मागे पडले. वडनेर-खाकुर्डीच्या पुढे रस्त्याच्या दोहो बाजूंस कांद्याची रोपे, डाळिंबाच्या बागा आणि अधूनमधून द्राक्षांचे मांडव दिसू लागले. काही बागांच्या जागी नुसते खुंट उभे होते. ‘तेल्या’ नावाच्या रोगाने बागलाणातील किती डाळिंबे खाल्ली, याची साक्ष ते देत होते. नदी कधी जवळ येई, कधी शेतांआड दडे. जसजसे वर जावे तसतसे तिचे पाणी निवळ होत होते.

नामपूर सोडल्यावर थोड्या अंतराने बाईंनी मोटार एकाएकी रस्त्याच्या कडेला घेतली. नदीच्या पात्रात आडवी, जुन्या काळ्या दगडांची एक भिंत होती. तिच्यावरून पाण्याचा पातळ पडदा खाली घसरत होता आणि एका टोकाने एक लहानसा कालवा शेतांत शिरला होता.

“अगं, संध्याकाळच्या आत मुल्हेर गाठायचे आहे,” गुरुजी म्हणाले. “या चार दगडांत पाहायचे ते काय?”

“लुआरच्या बांधावर मी तुमच्याबरोबर थांबले नव्हते का? आता तुम्ही माझ्याबरोबर थांबा,” असे म्हणून बाई खाली उतरल्याही.

कालव्याच्या काठी एक वृद्ध गृहस्थ फावडे घेऊन उभे होते. त्यांचे वडील व आजोबा या बंधाऱ्याचे पाटकरी होते. बाईंनी “बाबा, हा बंधारा कोणी बांधला?” असे विचारताच ते हसले. तो कोणी बांधला हे त्यांच्या आजोबांनाही ठाऊक नव्हते. मग पुष्कळ वेळ ते बोलत राहिले व बाई ऐकत राहिल्या.

त्यांनी सांगितलेली व्यवस्था अशी. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर असे दगडी बंधारे तीन-चारशे वर्षांपासून आहेत. बंधाऱ्याने पाणी अडते व पाटाने शेताकडे वळते. पाटात पाणी अधिक झाले, तर ते सांडव्यावाटे पुन्हा नदीस मिळते व खालच्या बंधाऱ्याच्या उपयोगी पडते. पाटाखालील सर्व जमिनीचे बहुधा चार मोठे भाग पाडलेले असतात. प्रत्येक भागास फड म्हणतात. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यावयाचे. एकात ऊस असला तर दुसऱ्यात भात, तिसऱ्यात गहू, आणि हे पीक आळीपाळीने फिरवावयाचे. ज्याने त्याने मनास येईल ते लावावे, अशी मुभा नाही. आपल्या शेतात पाणी आपण होऊन घेण्याचीही मुभा नाही. ते काम पाटकऱ्याचे. तो एकामागून एक वाफा भिजवीत जाई. शेत पाटलाचे की विधवेचे, हे पाहणे त्याचे काम नव्हे. पिकांची राखण जागल्या करी. या सर्वांना मोबदला धान्याच्या रूपाने मिळे. पाटातील गाळ काढावयास सगळे बागाईतदार मिळून जात.

गुरुजी आतापर्यंत काहीशा अनिच्छेनेच ऐकत होते. त्यांनी विचारले, “पण पाऊसच कमी झाला तर? मग भांडणे होत असतील.”

वृद्धाने फावडे जमिनीवर टेकविले. पाणी कमी असले, की सर्वांनी बसून कमी फड भिजवावयाचे ठरवावयाचे. प्रत्येक फडात बहुतेक प्रत्येकाची थोडी थोडी जमीन असते. त्यामुळे एक फड कोरडा राहिला, तर सर्वांचेच थोडे थोडे नुकसान होते; कोणा एकाचे सर्वस्व बुडत नाही. अहिराणीत ते म्हणाले, “पानी सगळासनं शे.” पाणी सर्वांचे आहे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही व्यवस्था सर्वत्र जशीच्या तशी चालू आहे, असे मुळीच नाही. विहिरींवर विजेचे पंप आले, ज्याला त्याला आपले पीक निवडावेसे वाटू लागले, धरणांनी नद्यांचे वाहणे बदलले. अनेक बंधारे गाळाने भरले आणि काही फडांची नुसती नावे राहिली. त्या वृद्धांच्या गावीही चारांपैकी एकाच फडात जुना क्रम कसाबसा पाळला जात होता. त्यांच्या मुलांपैकी कोणी पाटकरी झाला नाही. त्यांचे फावडे आता केवळ सवयीने चालत होते.

मोटारीत परत बसल्यावर बराच वेळ दोघे काही बोलली नाहीत. मग गुरुजी म्हणाले, “बागुलांचे राज्य गेले, मोगल आले, मराठे आले, पेशवे आले, इंग्रज आले. आणि हा पाट चालूच होता!” बाईंनी नुसती मान डोलावली. जायखेड्याजवळ त्यांनी मोटार पुन्हा थांबविली, तेव्हा गुरुजी आपण होऊन आधी उतरले.

ताहाराबादेस त्यांनी मुक्काम केला व दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुल्हेरला गेली. गावाच्या मागे मुल्हेरचा किल्ला, एका बाजूस मोरागड, दुसऱ्या बाजूस हरगड, असे डोंगरांचे दाट कोंडाळे आहे. येथील बागुल राजांवरूनच या प्रांताला बागलाण हे नाव पडले. मुल्हेरचे संस्कृत नाव मयूरगिरी. राजा नारायणशाह याच्या आश्रयास असलेल्या रुद्रकवीने शके १५१८ मध्ये, म्हणजे इसवी सन १५९६ मध्ये, ‘राष्ट्रौढवंश’ नावाचे महाकाव्य याच ठिकाणी रचले व त्यात या घराण्याचा इतिहास सांगितला. ज्या काळी लुआरच्या काठी फ्रान्सचे राजे वाडे बांधीत व कवींना पोशीत होते, त्याच शतकात मोसमच्या काठीही एक दरबार भरत होता व तेथे काव्य वाचले जात होते, ही गोष्ट मालेगावच्या किती मुलांना ठाऊक असेल?

एवढासा प्रांत, पण त्यावर बड्या बड्या सत्तांचा डोळा असे. त्याचे कारण रस्ते होत. सुरतेच्या बंदरावरून दक्षिणेकडे जाणारा माल बागलाणातून जाई. थेवेनो नावाचा फ्रेंच प्रवासी सतराव्या शतकात सुरतेहून औरंगाबादेस गेला, तेव्हा त्याने वाटेवरील मुक्कामांत सटाणे, उमराणे आणि अंकाई-टंकाई यांची नावे लिहून ठेविली आहेत. मालेगावचे नाव त्यात नाही. मोठ्या घाटवाटा व त्यांवर पहारा ठेवणारे किल्ले ज्याच्या हाती, त्याच्या हाती व्यापाराची जकात. औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असताना १६३८ मध्ये मोगल फौजेने मुल्हेरला वेढा दिला व बागुलांचा शेवटचा राजा बहिर्जी शरण आला. त्याबरोबर ते राज्य संपले.

किल्ल्याच्या माचीवर सोमेश्वराचे देऊळ, मोती तलाव व पडक्या वाड्यांचे चौथरे आहेत. गुरुजी अर्ध्या वाटेवरूनच परतले. गावात उद्धव महाराजांच्या समाधिमंदिराच्या ओट्यावर ते बसले, तेव्हा तेथील एका गृहस्थांनी त्यांना कोजागरीच्या रासक्रीडेची माहिती दिली. त्या रात्री येथे केळीची पाने व फुले यांनी सजविलेले प्रचंड चक्र उंच चढवितात आणि रात्रभर पदे गातात. राजांचे वाडे पडले, गाणे मात्र गावात राहिले. बाई किल्ल्यावरून उतरून आल्या त्या हातात तलावाकाठची दोन पिवळी फुले घेऊन.

मुल्हेरच्या वर हरणबारी येथे मोसमवर मातीचे धरण आहे. तेथून पुढे रस्ता डोंगरांत शिरतो व साल्हेरवाडीस पोचतो. समोर साल्हेर उभा असतो. उंची १,५६७ मीटर. महाराष्ट्रातील हा सर्वांत उंच किल्ला, आणि शिखर म्हणून कळसूबाईच्या खालोखाल दुसरा. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला, त्यांत साल्हेरचेही नाव आहे. १६७१ च्या आरंभी हा किल्ला शिवाजी महाराजांनी घेतला व तो परत मिळविण्यासाठी मोगलांनी मोठी फौज धाडली. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांनी दोहो बाजूंनी येऊन इखलासखानाच्या त्या फौजेचा पराभव केला. गडाच्या तटाआडून नव्हे, तर गडाच्या पायथ्याच्या मोकळ्या मैदानात ही लढाई झाली. मराठे केवळ गनिमी काव्याने लढतात, ही समजूत त्या दिवशी खोटी ठरली. सूर्यराव काकडे या लढाईत धारातीर्थी पडले.

ही लढाई गुरुजींनी तीस वर्षे फळ्यावर खडूने काढून दाखविली होती. आता ते त्याच मैदानाच्या कडेला उभे होते. मोरोपंत कोणत्या अंगाने आले असतील, प्रतापराव कोठून, हे ते काठीने जमिनीवर रेघा ओढून पाहू लागले. त्यांच्या खडूच्या नकाशात डोंगर एका बाजूस होता; येथे डोंगर चोहीकडे होते. मग त्यांनी मान वर करून गडाकडे पाहिले आणि आपल्या गुडघ्यावर हात ठेवला.

“तुम्ही बसा. मी पाहून येते,” बाई म्हणाल्या. “पण मला सगळे विचारून ठेवा, वर काय काय पाहायचे ते.”

गुरुजींनी कागदावर यादी लिहून दिली : साल्हेर-सालोट्यामधली खिंड, कातळातल्या पायऱ्या, दरवाजे, गंगासागर तळे, माथ्यावरील परशुरामाचे देऊळ. गावातील दोन तरुणी सोबत घेऊन बाई चढू लागल्या. वयाच्या मानाने ती चढण सोपी नव्हती. खिंडीतील वारा अंगावरचे पातळ धरू देईना. पायऱ्यांवर त्या चार वेळा बसल्या. तळ्याशी पोचल्यावर त्यांनी पाण्यात हात घातला व ते डोळ्यांना लावले. परशुरामाने याच शिखरावरून बाण सोडून समुद्र मागे हटविला, अशी या भागात आख्यायिका आहे. सोबतच्या मुलींनी ती त्यांना सांगितली.

माथ्यावर उभे राहिल्यावर मात्र बाईंतील भूगोलाची शिक्षिका जागी झाली. पश्चिमेस डांगचे अरण्य उतरत गेले होते. त्या अंगास पडणारा पाऊस गुजरातेतून थेट अरबी समुद्रास जातो. पूर्वेस पडणारा पाऊस मोसमने जातो : हरणबारीवरून, मुल्हेरवरून, त्या वृद्ध पाटकऱ्याच्या बंधाऱ्यावरून, मालेगावच्या पुलाखालून. पुढे गिरणा त्याला जळगाव जिल्ह्यात तापीपाशी नेते. आणि तापी तर पूर्वेचा मार्ग सोडून उलटी पश्चिमेस वाहते व सुरतेजवळ समुद्रास मिळते. म्हणजे एकाच शिखराच्या दोन अंगांवर पडलेले दोन थेंब अखेरीस त्याच समुद्राला मिळतात. एक उडी टाकल्यासारखा जातो. दुसरा शेकडो मैलांचा वळसा घेतो आणि त्या वळशात शेते, गावे व शहरे वसतात.

खाली आल्यावर बाईंनी यादीतील प्रत्येक वस्तूचे वर्णन क्रमाने केले. गुरुजी मधूनमधून प्रश्न विचारीत होते. शेवटी त्यांनी त्या दोन थेंबांची गोष्ट सांगितली, तेव्हा गुरुजींनी आपली काठी उचलली व मघाच्या रेघांशेजारी नदीची एक लांब रेघ ओढली. ती रेघ पूर्वेस गेली, वळली आणि सुरतेस पोचली.

“याच वाटेने सुरतेचा माल उलटा वर येत होता,” ते म्हणाले. “मी मुलांना रस्ता शिकवला. नदी तुम्ही शिकवलीत. दोन्ही एकदम कोणीच शिकवले नाही.”

परतीचा रस्ता त्यांनी सटाण्यावरून घेतला. आरम नदीच्या काठी यशवंतराव महाराजांची यात्रा भरली होती. यशवंत महादेव भोसेकर हे इंग्रजी अमदानीत सटाण्याचे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातील रक्कम उपाशी लोकांना वाटून टाकली. तपासणीच्या वेळी खजिना पुरा भरला, अशी लोकांची श्रद्धा आहे. १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि लोक त्यांना ‘देव मामलेदार’ म्हणून आजही भजतात. मामलेदाराचे देऊळ असणारे गाव दुसरे क्वचितच सापडेल. यात्रेत बाईंनी रेवड्या घेतल्या. गुरुजींनी आपल्या शाळेसाठी मातीचा एक बैल घेतला, त्याचे कारण त्यांनी सांगितले नाही.

मालेगावास पोचावयास रात्र झाली. मोसम पुलावर नेहमीप्रमाणे गर्दी होती. रिक्षांचे भोंगे, मागांची धडधड व चहाच्या टपऱ्यांवरील गाणी एकमेकांत मिसळली होती. मोटार पुलावर मुंगीच्या पावलाने सरकत होती. गुरुजींनी काच खाली केली व बाहेर वाकून पाहिले. पाणी काळे होते, पण वाहत होते.

“हे आपण पाहिलेले पाणी असेल का गं?” त्यांनी विचारले.

“ते अजून वाटेत असेल,” बाई म्हणाल्या. “दोन बंधारे, एक फड… आणि मग पुढे.” मागच्या मोटारीने भोंगा वाजविला, तशी त्यांनी गाडी पुढे घेतली.